बोटाखालचा दोरा

थोरली गोड स्वभावाची आहे असं म्हणणारा माणूस सासरी-माहेरी कुठेच सापडला नसता, आणि चुकून सापडला असता तर थोरलीनंच त्याची खरडपट्टी काढली असती. गोड बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, हे तिचं ठाम मत. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी रोज सकाळी तिला नमस्कार करायचा आणि ती रोज त्याच्याकडे अशी बघायची, जणू त्यानं तिच्या डब्याला हात लावलाय. सत्तावीस वर्षांत तिनं तीन सुपरवायझर रडवले, एका मेकॅनिकला भर खात्यात चप्पल दाखवली आणि एकदा तर मालकाच्या मेव्हण्याला मशीनपासून चार पावलं लांब उभं राहायला सांगितलं. एवढं करूनही तिच्या केसाला कुणी धक्का लावला नाही. तिनं भरलेला सुताचा कोन बघितला की सगळ्यांची तोंडं बंद व्हायची.

सूत कातून येतं ते लहान कांड्यांवर. विणकाम खात्याला ते पुठ्ठ्याच्या मोठ्या कोनांवर भरून लागतं. भरायचं काम मशीन करतं. पण किती घट्ट भरायचं, ते मशीनला कळत नाही. दोरा कांडीवरून वर येतो, दोन चकचकीत चकत्यांच्या मधून जातो आणि कोनावर चढतो. त्या चकत्यांवर लोखंडाचे छोटे वायसर ठेवायचे. वायसर वाढवला की दोरा ताणला जातो, काढला की सैल पडतो. सैल भरला तर कोन भुसभुशीत होतो आणि पुढे थरच्या थर घसरतात. फार ताणला तर कोन दिसायला देखणा, टणक. पण दोऱ्यातला जीव गेलेला असतो आणि मागावर तो तटातट तुटतो. हवा कोरडी आहे की दमट, सूत जाड आहे की बारीक, त्याप्रमाणे एखादा वायसर ठेवायचा किंवा काढायचा. थोरलीला हे ठरवायला एक बोट पुरायचं. धावत्या दोऱ्यावर उजव्या हाताची तर्जनी टेकवायची, एक श्वास घेऊन सोडायचा, की कळलं. तिच्या मशीनवर कोन फिरवणाऱ्या वीस चात्या होत्या, वीसच्या वीस एका ताणाच्या. सुपरवायझरच्या कपाटात ताण मोजायचं एक यंत्र होतं खरं, पण ते सहा नंबरच्या मशीनवर आणायची हिंमत कुणी केली नव्हती.

सहा नंबरवर दोन पाळ्या चालत. सकाळी सहा ते दुपारी दोन थोरलीची. दोन ते रात्री दहा धाकटीची. धाकटी म्हणजे तिची सख्खी धाकटी जाऊ. खात्यात दोघींना घरच्याच नावांनी हाक मारत, त्यामुळे कुणाला त्यांची खरी नावं आठवत नसत.

धाकटीला कामाला लावलं ते थोरलीनंच. चार महिने शेजारी उभं करून शिकवलं, तिचं बोट धरून दोऱ्यावर टेकवलं, चुकलं की त्याच बोटावर चापट मारली. मग धाकटीला स्वतःची पाळी मिळाली आणि त्या दिवशी चहाच्या वेळी कुणीतरी तिला विचारलं, "कुणाकडे शिकलीस गं एवढं?" धाकटी म्हणाली, "शिकवतंय कोण इथं? बघून बघून आलं." ती लाजून म्हणाली, की मिजाशीत म्हणाली, ते तिचं तिलाच ठाऊक. थोरली मागेच उभी होती. तिनं आपला कप धुतला, जागेवर ठेवला आणि जावेशी बोलणं बंद केलं. त्याला अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षं न बोलणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही, त्यातून एका जिन्यावर समोरासमोर दारं असताना आणि खाली दोन्ही घरांना मिळून एकच नळ असताना. थोरलीनं ते निगुतीनं केलं. काही सांगायचं झालंच तर पोरांकरवी सांगायचं. "तुझ्या काकूला विचार, नळाखालची बादली तिची आहे का. असेल तर उचल म्हणावं, नसेल तर मी फेकते." काकू दोन हातांच्या अंतरावर उभी असे आणि तीही पोराकडे बघूनच उत्तर देई, "सांग तुझ्या आईला, फेकायला हात शिवशिवत असतील तर खुशाल फेका म्हणावं." दोघींचे नवरे मात्र रोज संध्याकाळी पायरीवर बसून एकत्र चहा पीत. भांडण बायकांचं, आपण कशाला, असं दोघा भावांचं धोरण होतं आणि ते त्यांना फार मानवलं होतं.

कारखान्याचा नियम असा, की पाळी बदलताना जाणारीनं येणारीला सगळं सांगायचं: सूत कुठलं चालू आहे, कुठली चाती त्रास देते आहे. सहा नंबरवर दोन वाजता थोरली भिंतीकडे तोंड करून हात पुसत उभी राहायची. धाकटी येऊन मशीनचा ताबा घ्यायची. ना नमस्कार, ना चमत्कार.

वर्षभरापूर्वी एक नवंच सुरू झालं. दुपारी थोरली प्रत्येक चातीवर तीन-तीन वायसर ठेवून जायची आणि सकाळी बघते तर दोन-दोन. बोट टेकवून बघितलं तर दोरा नुसता लोंबतोय. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दात-ओठ खात ती वीसही चात्यांवर वायसर परत चढवायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"मुद्दाम करते," ती शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगायची. या बाईला खात्यात रेडिओ म्हणत. तिला सांगितलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत रंगखात्यात पोचलेली असे. "माझं नाव खराब व्हावं म्हणून. पाण्यात बघते ती मला."

"आणि तुम्ही तिला?" रेडिओनं एकदा विचारलं.

"मी तिच्याकडे बघतच नाही," थोरली म्हणाली.

तशात बातमी आली, की पुढच्या महिनाअखेर आपोआप चालणारं नवं मशीन येणार. जुन्यांपैकी फक्त सहा नंबर राहणार, तेही एकाच पाळीत, नाजूक सुतापुरतं. म्हणजे दोघींपैकी एकच राहणार. दुसरीनं गुंत्याच्या खोलीत जायचं. ही खोली कारखान्याच्या पार मागच्या बाजूला होती. तुटका, गुंतलेला, तेल लागलेला दोरा तिथं ढिगानं येऊन पडायचा आणि चारपाच म्हाताऱ्या बायका जमिनीवर बसून त्याचे रंग वेगळे करायच्या. तिथं कसब लागत नसे. तिथं गेलेली बाई मशीनवर परत आल्याचं कुणी बघितलं नव्हतं. थोरलीला त्या खोलीची एवढी धास्ती होती, की ती त्या बाजूच्या नळावर पाणीही पीत नसे. पण नोकरीची वर्षं बघता जागा तिचीच होती, आणि सुपरवायझरनं तिला तसं सांगूनही टाकलं होतं. तेव्हापासून ती दोन वाजता भिंतीकडे तोंड करण्याऐवजी जरा वेळ धाकटीकडे तोंड करून उभी राहायला लागली.

याच सुमारास धाकटी तीन आठवडे रजेवर गेली. तिच्या लेकीचं बाळंतपण होतं. दुसऱ्या पाळीवर बदली म्हणून एक नवी मुलगी आली. नवखी म्हणून तिला सहजी न तुटणारं जाड सूत दिलं होतं आणि मशीन जसं मिळायचं तसंच ती चालवायची. वायसरना कुणी हात लावेना. थोरलीचे ते तीन आठवडे इतके सुखात गेले, की ती एकदा नवऱ्याशी विनाकारण हसली आणि तो घाबरला.

तिसऱ्या आठवड्यात विणकाम खात्यातून एक गाडी परत आली. गाडीत छत्तीस कोन होते. प्रत्येक कोनाच्या पोटात भरणारीच्या नंबराची चिठ्ठी असते. छत्तीसच्या छत्तीस चिठ्ठ्या सहा नंबरच्या, पहिल्या पाळीच्या. दोरा मागावर टिकत नाही, जागोजागी तुटतो, अशी तक्रार होती.

सुपरवायझर तरुण होता आणि थोरलीला टरकून होता. त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली. ती बसली नाही.

"हवा फार कोरडी आहे सध्या," तो म्हणाला. "सुतातच दोष असेल. मी तसं लिहून पाठवतो. विषय संपला."

"संपला कसा? वर्षभर ओरडतेय मी. वायसर कोण हलवतं ते लिहा की."

"अहो बाई, पण त्या तर तीन आठवडे इथं नव्हत्या."

"जाताना कळ लावून गेली असेल. चकत्या बिघडवून ठेवल्या असतील. तुम्ही तिला ओळखत नाही. मी ओळखते."

"जाऊ द्या ना आता. जागा तुमचीच आहे. सही झाली की झालं."

इथं थोरलीनं गप्प बसायला हवं होतं. तिला ते आयुष्यात कधी जमलं नव्हतं. "मला जागा अशी नको," ती म्हणाली. "उद्या खातं म्हणेल, वय बघून दिली. ते यंत्र काढा तुमच्या कपाटातून. दोघींना उभं करा, दहा-दहा चात्या द्या आणि सगळ्यांदेखत मोजा. कुणाचा हात खोटा आहे ते दिसू दे. ती खोटी ठरल्याशिवाय मी सही करणार नाही."

सुपरवायझरनं पुन्हा एकदा समजावून बघितलं. मग तोही माणूसच होता. त्यानं कपाट उघडलं.

घरी नवऱ्याला रेडिओकडूनच कळलं होतं. तो म्हणाला, "मिळालेली जागा कुणी अशी पणाला लावतं का? सोड ना."

"तुम्ही आपले भावाबरोबर चहा प्या," थोरली म्हणाली. त्या रात्री तिला शांत झोप लागली, हे मुद्दाम सांगायला हवं.

धाकटी रजेवरून आली त्याच दिवशी दोन वाजता मोजणी ठेवली. पहिल्या पाळीच्या बायका घरी गेल्या नाहीत, दुसऱ्या पाळीच्या कामाला लागल्या नाहीत. सहा नंबरभोवती चांगलीच गर्दी झाली. धाकटीला काय चाललंय ते कळलं तसा तिचा चेहरा उतरला. तो थोरलीनं बघितला आणि तिला फार बरं वाटलं.

"साहेब, मोजू नका," धाकटी म्हणाली.

"का? विचारा तिला, का म्हणून?" थोरली सुपरवायझरला म्हणाली.

"सांगा त्यांना, मी माझ्यासाठी म्हणत नाही."

"सांगा तिला, माझी काळजी करू नको म्हणावं."

सुपरवायझरनं दोन्हीकडे मान फिरवली आणि मोजणी सुरू केली. चात्यांवरचे सगळे वायसर आधी काढून टाकले होते. दोघींनी आपापल्या दहा चात्या बोटानं लावायच्या, मग यंत्र बोलणार. त्या सुताला बारा ग्रॅम ताण हवा होता.

धाकटीची पहिली चाती बारा आली. दुसरी बारा. तिसरी साडेअकरा, चौथी बारा. दहाव्यापर्यंत असंच. गर्दीत जरा कुजबुज झाली. थोरलीनं नाक मुरडलं. बरोबर येणारच होतं, शिकवलं कुणी होतं?

मग तिच्या चात्या. पहिली एकोणीस.

"पुन्हा बघा," थोरली म्हणाली.

पुन्हा एकोणीस. दुसरी बावीस. तिसरी सतरा. चौथी चोवीस. सुपरवायझरनं आकडे मोठ्यानं वाचायचं थांबवलं आणि तो नुसते लिहायला लागला. थोरली त्याच्या खांद्यावरून वाचत होती. सगळ्यांवर सारखाच जास्त ताण आला असता तर एक वेळ तिनं मान्य केलं असतं, चुकतं माणूस. पण दहा चात्यांचे दहा आकडे वेगळे होते. तिच्या चात्या! एकीचा दुसरीशी मेळ नव्हता.

"यंत्र बिघडलंय."

सुपरवायझरनं ते धाकटीच्या चातीवर लावून दाखवलं. बारा.

"मग चकत्यांत काहीतरी केलंय तिनं. माझ्या बोटाला विचारा, त्या डबड्याला काय कळतंय! मी डोळे मिटते. कुठलाही दोरा घ्या, बोटावर टेकवा. कुठला सैल, कुठला घट्ट, ते मी सांगते. सगळ्यांदेखत सांगते."

तिनं डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. तर्जनी ताठ धरली. मशीन चालू होतं, वीस चात्यांचा आवाज येत होता. ती वाट बघत उभी राहिली. गर्दी एकदम चूप झाली होती. थोरलीला वाटलं, सुपरवायझरला हिंमत होत नसावी.

"लावा की," ती म्हणाली.

मशीन तसंच घरघरत राहिलं.

"अहो, लावा! दिवसभर उभी राहू का मी?"

"लावलाय, बाई," सुपरवायझर हळूच म्हणाला.

तिनं डोळे उघडले. दोरा तिच्या बोटावरून धावत होता. बोटाच्या टोकाला सत्तावीस वर्षांची पिवळी, गुळगुळीत कातडी झाली होती आणि तिच्यावरून पांढरा दोरा सरसर पळत होता, दुसऱ्या कुणाच्या बोटावरून पळावा तसा. तिनं बोट दाबलं. दोरा चांगला वाकला, तुटायला आला, तेव्हा कुठे काहीतरी आहे असं तिला जाणवलं. जे तिला लोंबणारं वाटत होतं ते बरोबर होतं, आणि जे बरोबर वाटत होतं त्यानं सुताचा जीव जात होता. ती बघतच राहिली. मग दोरा तुटला.

सुपरवायझर धाकटीकडे वळला. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"वर्ष झालं," धाकटी म्हणाली. तिला सांगायची इच्छा नव्हती हे दिसत होतं, पण आता सगळं उघडंच पडलं होतं. "दुपारी मशीन घेतलं की कळायचं. वायसर मी कमी करून घ्यायची. कोनांची गाडी संध्याकाळी जाते. तोवर त्यांचे फार वाईट असतील ते कोन शेवटच्या चार चात्यांवर उलगडून परत भरायची."

"म्हणून तुमचा माल कमी भरत होता. मी तुम्हाला दोनदा मेमो दिला!"

"दिलात."

"अहो, मग सांगितलं का नाही त्यांना?"

धाकटीनं त्याच्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. "आमच्यात बोलणं नाही," ती म्हणाली.



"मला तरी सांगायचं."

"तुम्ही त्यांना काढलं असतंत. घरातल्या बाईला मी कशी काढायला लावू?"

थोरली वळली. तिला रडू येईल असं काही बायकांना वाटलं होतं, पण त्या तिला ओळखत नव्हत्या. ती थेट धाकटीसमोर जाऊन उभी राहिली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलली.

"उपकार केलेस होय गं माझ्यावर?"

"उपकार कसले?" धाकटीही तडकली. "पिचका माल माझ्या मशीनवरून जातोय ते मला सोसत नव्हतं. तुमच्यासाठी मी नखभर काही केलं नाही, जाऊबाई. तुमचा चेहरा बघितला की मला आजही जेवण जात नाही."

"वर्षभर गंमत बघत बसलीस. मी इथं मूर्खासारखी वायसर चढवतेय, रोज, आणि तू काढतेस. एका शब्दानं सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

थोरलीनं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. तिच्याकडे ते नेहमी तयार असायचं. पण ते बाहेर पडायच्या आधी तिला ती सकाळ दिसली, जी कधी झालीच नव्हती. नळ चालू आहे, धाकटी समोर येते आणि म्हणते, जाऊबाई, तुमच्या बोटातली जाण गेलीय. मग आपण काय म्हटलं असतं? शब्दन् शब्द तिला माहीत होता. माझ्या जागेवर डोळा आहे तुझा, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं असतं. भरलेली बादली तिच्या पायावर ओतली असती. आणि दुसऱ्या दिवशी चार वायसर ठेवले असते.

"नसतं ऐकलं," ती म्हणाली.

एवढं साधं, भांडण नसलेलं वाक्य तिच्या तोंडून खात्यानं कधी ऐकलं नव्हतं. धाकटीला ते अपेक्षित नसावं. ती पुढचं काहीतरी बोलायला निघाली होती, ती थांबली. मग म्हणाली, "मग झालं तर," आणि तुटलेला दोरा जोडायला वाकली.

सुपरवायझर महिनाअखेर, विचार करू, वरिष्ठांशी बोलू, असं काहीबाही पुटपुटत होता. थोरलीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं खुंटीवरची पिशवी घेतली, डबा घेतला, आणि जाताजाता मशीनपाशी थांबली.

"अठरावी चाती बघून घे," ती धाकटीच्या पाठीला म्हणाली. "तिची खालची चकती झिजलीय. वायसर किती का बदल, ती ऐकत नाही. जरा डावीकडे दाबून ठेवावी लागते."

"माहीत आहे," धाकटी मान न वळवता म्हणाली.

 थोरली घराकडे न जाता मागच्या बाजूला निघाली. महिना संपायला अजून अकरा दिवस होते, पण कुणी सांगेपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. गुंत्याच्या खोलीत चार म्हाताऱ्या जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि काही न विचारता सरकून जागा केली. थोरली बसली, ढिगातला एक पुंजका ओढून मांडीवर घेतला आणि त्यातलं दोऱ्याचं टोक शोधायला लागली. बराच वेळ झाला तरी ते हाताला लागेना. शेजारची म्हातारी म्हणाली, "बोटानं नको शोधू, बाई. इथं कुणाच्याच बोटाला कळत नाही. डोळ्यांनी बघ."